सूचक : प्र. वि. गुप्ते

"सहकारी संस्था म्हणजे काय, हे कोण सांगेल?" अण्णा देवलांनी विचारलं आणि गुप्त्यांचा हात वर गेला.

पूर्ण वर गेला नाही. वर्ग शाळेच्या तिसरीच्या खोलीत भरला होता. बाक तिसरीतल्या मुलांच्या मापाचे होते, आणि चव्वेचाळीस वर्षांचा माणूस एकदा त्यात बसला की कोणताही अवयव बाहेर काढायला थोडा वेळ लागतो. तेवढ्या वेळात मागच्या भिंतीशी जमिनीवर मांडी घालून बसलेला आनंदा भोईर बोलायलाही लागला होता.

"आमचे आगरान कसा, बांध एकाचा नसतो. माजे वाटेचा बांध मी नाय सांभाल्ला, तं भरतीचा पानी माजे मिठान घुसतं, तसा शेजाऱ्याचे मिठान पन घुसतं. मंग त्यो मना शिव्या देत बसत नाय, पाटी घेऊन माती टाकाला येतो. शिव्यांनी बांध होत नाय. तीच सोसायटी."

अण्णा देवल हे वर्गाचे शिक्षक. खादीचा कोट घालणारे, तीस वर्षं गावोगाव सहकार सांगत हिंडलेले गृहस्थ. त्यांनी हातातला खडू खाली ठेवला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि फळ्यावर मोठ्या अक्षरांत 'बांध' असा शब्द लिहिला. वर्ग संपेपर्यंत तो कोणी पुसला नाही.

गुप्त्यांना सन १९२५च्या कायद्यातली व्याख्या पाठ होती, तीसुद्धा एका दमात. त्यांनी वर गेलेल्या हाताने कोटाची कॉलर सारखी केली, जणू हात त्याचसाठी निघाला होता.

हा सहकार शिक्षण वर्ग १९५३च्या नाताळच्या सुट्टीत ठाण्यात भरला होता. संस्था कशी काढावी, एकमेकांच्या जामिनावर भांडवल कसं उभारावं, आणि बेताच्या मिळकतीच्या माणसांनी स्वतःची घरं कशी बांधावीत, असे तीन दिवसांचे तीन विषय होते. जिल्ह्यातून साठेक माणसं आली होती. त्यांतली एकतीस एकट्या 'नवसंसार गृहरचना संस्था, नियोजित' या संस्थेची. हे नाव प्रभाकर विनायक गुप्त्यांनी ठेवलेलं. 'नियोजित' हा शब्दसुद्धा त्यांचाच, आणि तो त्यांना नावापेक्षा जास्त आवडायचा.

एकतीस सभासदांपैकी पंचवीस टेंभी नाक्याच्या आसपासचे कारकून आणि मास्तर होते. प्रत्येकाला सध्या भाड्याच्या दोन खोल्या आणि सामाईक नळ. उरलेले सहा बाळकुमचे मिठागरातले कामकरी. त्यांच्या झोपड्या आगराच्या मालकाच्या जमिनीवर, आणि मालकाने आता उठायला सांगितलेलं. कारकून आणि आगरी एका संस्थेत आले ते आनंदामुळे. पंचवीस सुशिक्षितांनी माजिवड्याला एकमताने पसंत केलेली जमीन पाहून आनंदाने एवढंच विचारलं होतं, की श्रावणात इथे कमरेएवढं पाणी असतं, तेव्हा घरी जायला होडी संस्था देणार की ज्याची त्याने आणायची. मग त्यानेच दुसरी, उंचवट्याची जमीन दाखवली आणि तिच्या मालकाशी गाठ घालून दिली. त्यावर कृतज्ञता म्हणून बाळकुमच्या सहा जणांना सभासद करून घ्यावं असा ठराव झाला. त्याचा मसुदाही गुप्त्यांचाच.

मसुदे हेच गुप्त्यांचं आयुष्य होतं. बावीस वर्षं ते कचेरीत पत्रं लिहीत होते आणि त्यांखाली साहेब सह्या करत होते. ठाणे जिल्ह्यात असा तालुका नव्हता की जिथे गुप्त्यांचं वाक्य पोचलं नव्हतं, आणि असा एक कागद नव्हता की ज्याच्या खाली त्यांचं नाव होतं. पगारपत्रक आणि रेशनकार्ड सोडून. म्हणून त्यांना संस्थेचं चिटणीस व्हायचं होतं. घराचीही हौस होतीच, पण घर एकतीस जणांना मिळणार होतं. चिटणीस एकच होणार होता. 'आपला विश्वासू, प्र. वि. गुप्ते, मानद चिटणीस' ही ओळ त्यांनी कचेरीच्या टीपकागदावर इतक्यांदा लिहून पाहिली होती की टेबलाशेजारचा सुधीर कर्णिक एकदा म्हणाला, "अहो गुप्ते, तुमच्याशिवाय दुसरं आहे कोण?" सुधीर हे बोलून चहाला गेला. गुप्त्यांनी मात्र तो ठराव समजून मनात दाखल करून घेतला.

आणि आता फळ्यावर 'बांध' लिहिलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरांच्या नकाशांचा तास होता, आणि त्याला सभासदांच्या बायकांनाही बोलावलं होतं. अण्णांनी निळ्या कागदावरचा नकाशा भिंतीला लावला. बायकांनी तो आदराने पाहिला आणि त्यातलं एक अक्षर कोणाला कळलं नाही. तेव्हा आनंदा उठला, शाळेच्या शिपायाकडून चुन्याची फक्की मागून घेतली आणि पटांगणात नकाशा जसाच्या तसा, पूर्ण मापाचा आखला. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मोरी, ओटी. दारांच्या जागी रेघ तोडलेली.

"शिरा आता घरान," तो बायकांना म्हणाला.

बायका आधी हसल्या, मग शिरल्या. गुप्त्यांची पत्नी सरोज पदर खोचून थेट स्वयंपाकघरात गेली. तिथे ती उकिडवी बसली, हवेत पोळी लाटली, हात लांब करून नसलेल्या फळीवरचा नसलेला डबा काढला आणि म्हणाली, "इथे परात ठेवली तर दार उघडणार नाही." आनंदाने पायाने रेघ पुसली आणि वीतभर पुढे दुसरी मारली. पाहता पाहता साठ माणसांसमोर एक भिंत सरकली. सरोजने पुन्हा पोळी लाटून पाहिली आणि मान डोलावली.

गुप्ते हे सगळं ओट्यावरून पाहत होते. त्यांच्या हातात उपविधींचं पुस्तक होतं. लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती, आणि सरोज इतकी खूश झालेली त्यांनी यापूर्वी पाहिल्याचं त्यांना पटकन आठवेना.

घरी परतताना ती बोलत होती. एरवी रस्त्यात ती त्यांच्या चार पावलं मागे असायची, आज बरोबरीने चालत होती.

"अहो, त्यांनी मला विचारलं, वैनी, चूल कनच्या अंगाला पायजे? खाडीचं वारं कुठून येतं ते सांगितलं, धूर कसा जाईल ते सांगितलं. इतक्या वर्षांत हे मला कोणी विचारलेलं नाही."

"उपविधींत चुलीचा उल्लेख नाही," गुप्ते म्हणाले.

"तेच म्हणते मी."

त्या संध्याकाळी गुप्त्यांना जेवण गेलं नाही. वास्तविक आनंदाने त्यांचं काही घेतलं नव्हतं. चिटणीस व्हायचंय असं तो कधी बोलला नव्हता. त्याला ते पद आहे हे तरी ठाऊक होतं की नाही, शंकाच होती. पण मत्सराला अर्ज लागत नाही. गुप्ते त्या दोन दिवसांत आनंदाकडे इतकं बारकाईने पाहू लागले होते की तितकं त्यांनी आयुष्यात कोणाकडेच पाहिलं नसेल. तो जमिनीवर बसतो, कारण येईल त्याला बाक देऊन टाकतो. कोणी बोलत असलं की मध्ये तोंड घालत नाही. मनाई नसूनही विडी ओढत नाही. त्याचे दात चांगले आहेत. हे शेवटचं लक्षात आल्यावर तर ते विसरताच येईना. पहिल्या दिवशी लोक त्याला 'ए भोईर' म्हणत होते, आज सकाळी 'भोईर', आणि संध्याकाळी निघताना एका मास्तरांनी 'येतो हं भोईरसाहेब' म्हटलेलं त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं.

तिसऱ्या दिवशी नमुना सभा होती. एका संस्थेने सर्वांसमोर सर्वसाधारण सभा करून दाखवायची आणि बाकीच्यांनी त्यावरून शिकायचं, असा प्रघात होता. अण्णांनी नवसंसारची निवड केली आणि बजावलं, "खोटी सभा खऱ्यासारखी करा, म्हणजे खरी सभा खोट्यासारखी होणार नाही." विषय एकच, चिटणिसाची निवड. निवडलेल्या चिटणिसाने लगेच कामाला लागून सभेचं इतिवृत्त लिहायचं आणि शेवटी वाचून दाखवायचं.

गुप्त्यांच्या डोक्यात योजना आली ती याच वेळी. ती इतकी सोपी होती की तिचं त्यांना स्वतःलाच कौतुक वाटलं. आनंदा मराठी चौथीपर्यंत शिकलेला. त्याचं लिहिणं त्यांनी हजेरीच्या कागदावर पाहिलं होतं; सही करायला तो इतका वेळ लावायचा की मागे रांग लागायची. त्याला आज, या खोट्या सभेत, आपणच चिटणीस करायचं. साठ माणसं बसून राहतील, तो एकेक अक्षर कोरत राहील, आणि मग कोणीतरी दयेने म्हणेल की राहू द्या भोईर, गुप्ते, तुम्हीच घ्या. मग पुढच्या रविवारी खऱ्या सभेत कोणाला काही विचारावंच लागणार नाही.

ते उठले. या वेळी बाकातून वेळेवर सुटले.

इथे एक सांगायला हवं. कचेरीतून साहेब बदलून गेला की त्याच्या निरोपाचं भाषण गुप्ते लिहीत. बावीस वर्षांत सात साहेब गेले. त्या सातांपैकी एकाच्याही जाण्याचं गुप्त्यांना काही वाटलं नव्हतं, आणि सातही भाषणं उत्तम झाली होती. तेव्हा स्तुती हा त्यांच्या हातचा मळ होता. पण साहेबांविषयी त्यांना काही माहीत नसायचं, आनंदाविषयी सगळं माहीत होतं. तीन दिवस डोळ्यांत तेल घालून जमवलेलं ते सगळं आता बाहेर आलं. त्याने बाक दिले तेही. सगळ्यांना खालची जमीन आवडली असताना वाईटपणा घेऊन त्याने पाण्याची गोष्ट काढली तेही. संस्था कलमांवर उभी राहत नाही, ती शेजाऱ्यावर उभी राहते, असं गुप्ते बोलून गेले, आणि हे आपण कुठे वाचलं ते त्यांना आठवेना, कारण त्यांनी ते कुठेच वाचलेलं नव्हतं. ज्याला पाहून माणसं आपली अडचण आपणहून सांगतात, तोच आपला चिटणीस, असं म्हणताना त्यांचा आवाज थोडा कापला. तो मत्सराने कापला होता. सभेला तो भरून आलेला वाटला.

ते खाली बसले. मग सुधीर कर्णिकने अनुमोदन दिलं. हात मोजायची गरज पडली नाही.

आनंदा पुढे आला. गुप्त्यांनी संस्थेसाठी आणलेली कोरी वही त्याच्यापुढे ठेवण्यात आली. त्याने टाक धरला, वहीकडे पाहिलं, मग सभेकडे पाहिलं.

"मी सावकाश लिवतो," तो म्हणाला. "तुमी सावकाश बोला."

आणि लोक सावकाश बोलू लागले. एक जण बोलून झाल्याशिवाय दुसरा तोंड उघडेना, कारण आनंदाचा टाक अजून चालत असे. सावकाश बोलायचं म्हटल्यावर फालतू वाक्यं आपोआप गळाली. लिहून झालं की तो त्या माणसाला विचारी, "असाच बोललाव ना?" आणि तो माणूस, ज्याचं बोलणं आजवर कोणी इतकं मनावर घेतलं नव्हतं, विचार करून म्हणे, हो, असंच. गुप्त्यांचं भाषणही त्याने असंच त्यांच्याकडून वाक्यावाक्याने पुन्हा म्हणवून घेतलं. शेवटी वाचन झालं. अण्णा देवल म्हणाले की तीस वर्षांत त्यांनी अनेक इतिवृत्तं पाहिली, पण सभेत जे झालं तेच इतिवृत्तात असल्याचं हे पहिलंच.

पुढच्या रविवारी टेंभी नाक्याजवळ एका मास्तरांच्या ओटीवर खरी सभा भरली. सकाळी गुप्त्यांनी इस्त्रीचा कोट घातला. चिटणिसाच्या निवडीचा विषय आला तसा सुधीर म्हणाला, "तो झालेला आहे ना? आता परत कशाला? मी अनुमोदन दिलेलं."

गुप्ते उभे राहिले. "ती नमुन्याची सभा होती," ते म्हणाले. "तिला कायद्याने अर्थ नाही."

"सभा नमुन्याची होती हो," सुधीर म्हणाला, "पण भाषण खरं होतं ना?"

एकोणतीस जणांनी गुप्त्यांकडे पाहिलं. आनंदा एकटा पाहत नव्हता. तो ओटीच्या कडेला बसून कोणाच्या तरी लहान मुलीच्या चपलेचा अंगठा शिवत होता. कायद्यात यावर कलम नव्हतं. गुप्त्यांनी मनातल्या मनात सगळा कायदा चाळला, दोनदा.

"होतं," ते म्हणाले आणि खाली बसले.

सभा पाऊण तासात संपली.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी एका सकाळी आनंदा त्यांच्या दारात उभा राहिला. काखेत वही होती. सरोजने त्याला आत बोलावलं, चहा टाकला, आणि चुलीची नवी जागा तिने कागदावर काढून ठेवली होती ती दाखवली. आनंदाने कागद नीट घडी करून खिशात ठेवला. मग चहा संपवला.

"गुप्तेसाहेब, एक काम व्हता," तो शेवटी म्हणाला. "माजी आय आयकत नाय."

त्याने सांगितलं ते असं. वर्गावरून गेल्यावर त्याने आईला, आवडाबाईला, इतिवृत्त वाचून दाखवलं होतं. म्हातारीने ते ऐकून घेतलं आणि त्यालाच झापलं. तूच लिहिलंस आणि तूच वाचतोस, नाक्यावरचा शिकलेला माणूस तुझ्याविषयी असं कशाला बोलेल, म्हणाली. ज्याने म्हटलं त्याला आण, त्याच्या तोंडून ऐकेन.

गुप्ते म्हणाले की रविवारी त्यांना जरा काम आहे.

"काही काम नाहीये," सरोज आतून म्हणाली. "जाऊन या."

बाळकुम टेंभी नाक्यापासून चालत तासाभराचं. माजिवड्यापर्यंत आनंदा घरांविषयी बोलत होता. आगरं सुरू झाली तसा रस्ता संपला आणि बांधावरून जावं लागलं. आनंदाची झोपडी कुडाची होती, सारवलेली. आत खाटेवर आवडाबाई बसल्या होत्या. चाळीस वर्षं डोक्यावरून मिठाच्या पाट्या वाहिल्यामुळे मान जराशी आत गेलेली, डोळ्यांत मोतीबिंदू.

"वाचनारा आला काय रं?" त्यांनी विचारलं.

"आला, आये."

"बस, बाबा. माजा पोर लबाड नाय. पन आयला बरा वाटावा म्हनून कायपन बोलल. म्हनून तुना बोलावला. वाच."

बसायला दुसरं काही नव्हतं. गुप्ते उभ्यानेच वाचू लागले. आपलीच वाक्यं दुसऱ्याच्या अक्षरात वाचण्याची त्यांना सवय नव्हती; जन्मभर उलटं चाललं होतं. बाकांविषयीचं वाचलं. पाण्याविषयीचं वाचलं. म्हातारी डोक्यावर पदर घेऊन, हात मांडीवर ठेवून, देवळात बसावं तशी ऐकत होती. दारातून कोणीतरी हाक मारली म्हणून आनंदा बाहेर गेला, आणि गुप्त्यांना तेवढंच बरं वाटलं.

मग ते एक वाक्य आलं. त्या दिवशी भाषण रंगात आल्यावर, नुसती स्तुती सपक वाटेल म्हणून, फोडणी दिल्यासारखं त्यांनी ते टाकलं होतं. सात साहेबांच्या सात भाषणांत असं एक वाक्य असेच, आणि टाळी तिथेच पडे. गुप्त्यांची नजर त्यावरून पुढे सरकली. कचेरीत मोठ्याने टिपणं वाचताना साहेबाला न रुचणारी ओळ अशीच गाळावी लागते. आवाज कुठे अडखळत नाही. ते शेवटपर्यंत पोचले, वही मिटली.

"मंदी एक व्हता," आवडाबाई म्हणाल्या.

"काय?"

"मदला एक गाललास तू. पोराने वाचला व्हता. तोच मना खोटा वाटलेला, म्हनून तं तुना आनवला."

गुप्त्यांनी वही पुन्हा उघडली. पान सापडायला वेळ लागला नाही. आनंदाने ते वाक्य, तो सगळंच लिहायचा तसं, एकेक अक्षर सुटं काढून लिहिलं होतं.

"'चिटणीसपद मला स्वतःला फार हवं होतं,'" गुप्ते वाचू लागले, "'आणि अजूनही हवं आहे. परंतु भोईर समोर असताना ते मी मागावं, एवढा मी मोठा नाही.'"

बाहेर आनंदा कोणाशी तरी बांधाच्या फुटलेल्या तोंडाविषयी बोलत होता.

"ह्यो खरा?" तिने विचारलं.

"खरं आहे."

"कनचा खरा? तुना पायजे व्हता त्यो, का माजा पोर मोठा त्यो?"

बावीस वर्षांत प्रभाकर विनायक गुप्त्यांनी कोणत्याही प्रश्नाला मागची फाइल पाहिल्याशिवाय उत्तर दिलं नव्हतं.

"दोन्ही," ते म्हणाले.

आवडाबाईंनी पाय आखडून घेतले आणि खाटेवर त्यांच्यासाठी जागा केली.